वाचण्यापुरता उजेड

मोटार हाकणाऱ्या मनुष्याची नजर एका प्रवासात शेकडो वेळा जिच्याकडे जाते आणि दर खेपेस अर्ध्या क्षणाहून अधिक थांबत नाही, अशी एक वस्तू त्याच्या समोर सदैव असते. ती म्हणजे वेगाची तबकडी होय. तिच्याकडे कोणी टक लावून पाहत नाही. पाहावे अशी तिची अपेक्षाही नसते. जुन्या विश्वासू कारभाऱ्याप्रमाणे तिने विचारताच खरे उत्तर द्यावे आणि न विचारल्यास आपण आहोत याची आठवणही करून देऊ नये, एवढेच तिचे काम. अशा वस्तूला नटवावे, तिच्यावर रोषणाई करावी, अशी बुद्धी कोणास व्हावी याचे आम्हांस प्रारंभी नवल वाटले होते. पुढे तो उद्योग आमच्याच दारात झाला आणि त्याला आमचाही हात लागला. त्यावरून उजेड आणि दिसणे या दोन गोष्टींसंबंधी जे विचार मनात आले, ते वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

२००३ साली आमचे बिऱ्हाड अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यात होते. जुनी जपानी मोटार स्वस्तात विकत घ्यावी आणि पदरचे पैसे घालून तिला नवरीसारखी सजवावी, हा छंद तेथील तरुणांत त्या सुमारास अगदी भरात आला होता. २००१ साली निघालेल्या ‘द फास्ट अँड द फ्यूरियस’ या चित्रपटाने त्याला चांगलेच खतपाणी घातले होते. आमचे चिरंजीव तेव्हा कॉलेजात शिकत होते. उन्हाळ्यातील नोकरीच्या मिळकतीतून त्यांनी १९९८ सालची एक होंडा सिव्हिक घेतली होती आणि तिच्या अंगावर एकेक दागिना चढत होता. एके दिवशी टपालाने एक चपटे खोके आले. त्यात कागदाहून थोड्या जाड अशा पांढऱ्या प्लॅस्टिकच्या तबकड्या, त्यांच्या कडेला शेपटीसारख्या लोंबणाऱ्या पट्ट्या, काड्यापेटीएवढी एक काळी डबी, उजेड कमी-अधिक करण्याची एक लहानशी चक्री, थोडी तार आणि एक सूचनापत्र इतका ऐवज निघाला. मोटारीच्या मूळच्या तबकड्यांवर या नव्या तबकड्या बसवावयाच्या, म्हणजे रात्री मीटर आपल्या तेजाने झळकू लागतात, असे आम्हांस सांगण्यात आले.

मूळच्या रचनेत आणि या नव्या रचनेत भेद आहे तो लक्षात घेण्यासारखा आहे. त्या मोटारीच्या मूळ तबकडीचा रंग काळा, आकडे पांढरे. मागे बसवलेल्या बारीक बल्बांचा उजेड त्या आकड्यांतून तेवढा पाझरे आणि बाकीची तबकडी काळोखातच राही. नव्या तबकडीत हा सारा क्रम उलटा होता. आकडे काळे, आणि त्यांच्या भोवतीची सबंध जमीन निळसर हिरव्या तेजाने उजळणारी. पहिल्या प्रकारात अक्षराला उजेड मिळतो. दुसऱ्या प्रकारात उजेडालाच तबकडी मिळते.

हा उजेड बल्बाचा नव्हे. जस्त आणि गंधक यांच्या संयोगाने होणाऱ्या झिंक सल्फाइड नावाच्या पदार्थाची बारीक पूड, किंचित तांबे मिसळून, दोन विद्युद्वाहक थरांच्या मध्ये पसरलेली असते. पुढचा थर पारदर्शक असतो. या दोन थरांना दिशा पालटत राहणारा विजेचा दाब दिला की मधली पूड आपोआप उजळते. तार तापत नाही, काचेचा फुगा लागत नाही, उष्णता जवळजवळ नाहीच. १९३६ साली पॅरिसमध्ये जॉर्ज देस्त्रियो या शास्त्रज्ञाने हा चमत्कार प्रसिद्ध केला, तेव्हा त्याने ही पूड एरंडेल तेलात कालवली होती. आमच्या पिढीला ज्या तेलाच्या नुसत्या नावाने शहारे येत, त्यातून कोणी प्रकाश काढला हे वाचून आम्हांस त्या तेलाविषयी प्रथमच आदर वाटला. पुढे क्रायस्लर कंपनीने १९६० सालच्या आपल्या मोठ्या मोटारींत ही युक्ती मीटरांसाठी वापरली, आणि १९९२ साली टाइमेक्स कंपनीने ती मनगटी घड्याळात आणली. मोटारीच्या बॅटरीतून मिळणारी वीज १२ व्होल्टची आणि एकाच दिशेने वाहणारी. या पुडीला हवी असते सुमारे १०० व्होल्टची आणि सेकंदास कित्येक शेकडे वेळा पालटणारी. ते रूपांतर करणारा इन्व्हर्टर म्हणजेच ती काळी डबी. ती चालू असता डासाच्या गुणगुणण्यासारखा एक बारीक सूर काढते.

एका रविवारी हे काम काढले. विजेरी धरण्याचे खाते आमच्याकडे आले. प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवून, एअरबॅग उगाच उडू नये म्हणून काही मिनिटे स्वस्थ बसावयाचे. मग स्टिअरिंगची दांडी खाली करून मीटरांभोवतीची चौकट स्क्रू काढून अलगद ओढावयाची. त्यानंतर मीटरांचा सबंध संच पुढे घेऊन त्याच्या पाठीमागचे जोड एकेक करून सोडवावयाचे. संच हातात आला तेव्हा तो किती हलका आहे हे पाहून आम्ही थक्क झालो. ज्याच्या शब्दावर विसंबून मनुष्य ताशी ६० मैल वेगाने जातो, ते सारे एका जेवणाच्या ताटाएवढे, आणि वजनाला त्याहूनही कमी!

समोरची पारदर्शक झाकणी काढल्यावर मात्र खरा प्रश्न पुढे आला, आणि तो काट्यांचा होता. सूचनापत्रात दोन मार्ग दिले होते. काटे उपटून काढावे, तबकडी बसवावी आणि काटे पुन्हा दाबून बसवावे, हा एक. आणि नव्या तबकडीला असलेल्या चिरेतून ती काट्याखाली हळूच सरकवावी, हा दुसरा. पहिल्याने काम सुबक होते, दुसऱ्याने वेळ फार लागतो.

“बाबा, काटे काढूनच घेऊ या. सगळे तसेच करतात,” चिरंजीव म्हणाले.

“अरे, काटा शून्यावर उभा आहे असे तुला वाटते ना? तो उभा नाही, अडवलेला आहे. त्या बारीक खिळीवरून तो जरा उचलून पाहा.”

त्यांनी काटा बोटाच्या टोकाने उचलून खिळीपलीकडे सोडला. तो शून्याच्या पुष्कळ खाली जाऊन थांबला. त्याची खरी विश्रांतीची जागा ती होती. शून्यापाशी तो स्प्रिंगेच्या ताणाने खिळीला टेकून बसलेला असतो. काटा उपटला आणि पुन्हा बसवताना तो ताण नेमका साधला नाही, तर काटा शून्यावर शहाण्यासारखा दिसतो आणि पुढे प्रत्येक आकड्याला चुकीचे सांगतो. चिरंजीवांनी ते पाहिले, काही वेळ विचार केला, आणि काट्याला पुन्हा खिळीवर ठेवून दुसरा मार्ग धरला. काम दुपारी संपावयाचे ते दिवेलागणीपर्यंत चालले. पण काटे आपल्या जागी राहिले.

काट्याच्या सत्यतेविषयी आमचा एवढा आग्रह कशासाठी, असे कोणी विचारील. १९०२ साली ओटो शुल्झे याने बर्लिनच्या पेटंट कचेरीत ज्या वेगमापकाची नोंद केली, त्यात फिरणारे लोहचुंबक धातूच्या एका वाटीला आपल्यामागे ओढू पाहते आणि एक नाजूक स्प्रिंग तिला मागे खेचते. या दोहोंच्या ओढाताणीत काटा जेथे थांबेल तो वेग. पुढे चुंबकाची जागा विजेच्या संकेतांनी घेतली. सिव्हिकमध्येही गिअरपेटीपासून तबकडीपर्यंत तारेतून संकेतच येत. पण शेवटी स्प्रिंग आणि काटा यांची तडजोड होती ती होतीच. म्हणजे वेगाचा आकडा हा कोणी कोरलेला शिलालेख नव्हे. तो कारखान्यात कोणी एका हाताने नीट बसवलेला असतो, आणि दुसऱ्या हाताने तो बिघडवता येतो. युरोपातील नियम असा आहे की, काट्याने प्रत्यक्षाहून कमी वेग कधीही दाखवू नये. थोडा अधिक दाखवला तर चालेल. या नियमात मनुष्यस्वभावाची मोठी जाण आहे.

आमच्या समाधानासाठी एक कसोटी आम्ही आधीच घेऊन ठेवली होती. न्यू जर्सीतील हमरस्त्यांवर मैलांचे फलक असतात. काटा ६० वर स्थिर ठेवला तर एका फलकापासून दुसऱ्यापर्यंत जाण्यास ६० सेकंद लागावयास हवेत. हे गणित तिसऱ्या इयत्तेतले. तबकडी बदलण्यापूर्वी आम्हांस ६१ सेकंद लागले होते. बदलल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले, तेव्हाही ६१. मुखवटा बदलला पण वाणी तीच राहिली, याचा आम्हांस त्या रोषणाईहून अधिक आनंद झाला.

रोषणाई मात्र खरोखर देखणी होती. आदल्या सायंकाळी प्रथम दिवे लावले तेव्हा त्या निळसर हिरव्या तेजाने मोटारीचा पुढचा भाग भरून गेला. चिरंजीवांच्या चेहऱ्यावर तो उजेड पडला होता आणि त्या चेहऱ्यावरचे समाधान पाहून आम्हांस काहीही टीका करवेना. त्यांच्या मातोश्री मागच्या आसनावर बसून म्हणाल्या, “अहो, मोटारीत बसले आहे की गणपतीच्या मखरात, तेच कळेना!” ही स्तुती होती की तक्रार, हे त्यांनी स्पष्ट केले नाही.

आम्ही राहत होतो तेथून ऑरेंज हे गाव फार दूर नव्हते. झिंक सल्फाइडचे नाव आले म्हणजे या गावाची आठवण होणे अपरिहार्य आहे. पहिल्या महायुद्धात खंदकांतील सैनिकांना अंधारात दिसणारी घड्याळे हवी होती. त्यासाठी १९१७ पासून तेथील एका कारखान्यात तरुण मुली घड्याळांच्या तबकड्यांवर बारीक कुंचल्याने चमकणारे आकडे रंगवीत. त्या रंगाचे नाव ‘अनडार्क’. त्यात झिंक सल्फाइडची हीच पूड असे. फरक इतकाच की, तिला उजळवणारी शक्ती विजेची नसून रेडियमची होती. कुंचल्याचे टोक बारीक राहावे म्हणून ते ओठांत धरून ओढावे, असे त्या मुलींना शिकवण्यात आले होते. रंग निरुपद्रवी आहे असे त्यांना सांगितले जाई, म्हणून कोणी गमतीने नखांनाही तो लावीत. काही वर्षांनी त्यांचे जबडे कुजू लागले, हाडे ठिसूळ झाली, आणि एकेक मुलगी मरू लागली. ग्रेस फ्रायर व तिच्या चार मैत्रिणींनी १९२७ साली युनायटेड स्टेट्स रेडियम कॉर्पोरेशनवर दावा लावला. १९२८ साली तडजोड झाली: प्रत्येकीला १०,००० डॉलर रोख, वर्षास ६०० डॉलर आणि औषधोपचाराचा खर्च. ते वर्षासन दीर्घकाळ घेण्याइतके आयुष्य त्यांतल्या बहुतेकींपाशी उरले नव्हते.

या हकीकतीत आणखी एक गोष्ट आहे. त्या काळच्या तबकड्या आज अंधारात चमकत नाहीत. रेडियमच्या माऱ्याने झिंक सल्फाइड काही वर्षांतच निकामी होते. रेडियम मात्र आपले अर्धे बळ गमावण्यास सुमारे १६०० वर्षे घेते. उजेड गेला, विष राहिले. आपल्याकडे मोटारसायकलीवर वा रिक्षावर नावे चिकटवणाऱ्या कारागिराला आपण ‘रेडियमवाला’ म्हणतो आणि त्याच्या चमकत्या पट्टीला ‘रेडियम’. त्या पट्टीत रेडियमचा कणही नसतो. ती परक्या दिव्याचा उजेड परत फेकते एवढेच. पण तो शब्द जिभेवर आला की, ऑरेंज गावच्या त्या मुलींची आठवण आम्हांस होते. अंधारात घड्याळ वाचता यावे ही गरज खरीच होती. तिची किंमत ज्यांनी दिली त्यांना ती कोणी सांगितली नव्हती.

आमच्या चिरंजीवांच्या तबकडीत असला काही धोका नव्हता. परंतु निरुपद्रवी उजेडाचीही किंमत असते. ती डोळा देतो. अंधारात पाहण्याचे काम डोळ्यातील दंडपेशींचे. त्यांना काळोखाचा सराव होण्यास २० ते ३० मिनिटे लागतात, आणि एखाद्या झगझगीत दिव्याने तो सराव काही सेकंदांत मोडतो. या पेशी निळसर हिरव्या उजेडाने सर्वांत अधिक चेततात, तांबड्याने जवळजवळ चेततच नाहीत. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या आणि पाणबुड्यांतील खलाशांच्या समोर तांबडे दिवे ठेवीत, आणि पुढे बीएमडब्ल्यू कंपनीच्या मोटारींतील तबकड्या कित्येक वर्षे नारिंगी उजेडाने वाचल्या जात. मोटारीचे पुढचे दिवे लागलेले असता डोळा पुरता अंधाराला सरावत नाही, हे खरे. पण झोताच्या कडेला, जेथे उजेड संपून काळोख सुरू होतो, तेथेच रस्त्यावरचे पुष्कळसे धोके उभे असतात.

हे ज्ञान आमच्या आजोबांना कोणत्याही पुस्तकाशिवाय होते. कोकणातल्या आमच्या घरून रात्री वाडीत जावयाचे झाले म्हणजे ते कंदील नेहमी गुडघ्याच्या खाली धरीत आणि वात बारीक करीत. “दिवा वाटेला दाखवायचा, आपल्या डोळ्यांना नाही,” असे ते म्हणत. नवखा मनुष्य कंदील तोंडासमोर उंच धरतो आणि त्याला त्या काचेखेरीज काहीही दिसत नाही. ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण आपल्याकडे आहे. दिव्यापलीकडेही अंधार असतो, एवढी पुस्ती तिला आजोबांच्या अनुभवाने जोडता येईल.

हा उपदेश आम्ही चिरंजीवांना केला नाही. मुलाच्या हौशीच्या पहिल्या महिन्यात केलेला उपदेश त्याच्या कानांपर्यंत पोचत नसतो. पुढे शरद ऋतूत एका रात्री आम्ही दोघे समुद्रकाठच्या एका गावाहून परतत होतो. न्यू जर्सीच्या दक्षिण भागात दहा लाख एकरांहून अधिक पसरलेले पाइन बॅरन्स नावाचे रान आहे. वाळूची जमीन, पाइनची दाट झाडी, अरुंद रस्ता आणि मैलोगणती एकही दिवा नाही. तबकड्या पूर्ण तेजाने उजळलेल्या होत्या आणि त्यांचे हिरवे प्रतिबिंब बाजूच्या काचेत डुलत होते. काही मैल गेल्यावर चिरंजीवांचा हात आपणहून त्या चक्रीकडे गेला. त्यांनी ती हळूहळू फिरवीत आणली, इतकी की आकडे जेमतेम वाचता यावे.

“बाबा, रस्ता मोठा झाल्यासारखा वाटतो,” ते म्हणाले.

आणि तसेच झाले होते. रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ, तिच्यापलीकडचा वाळूचा पट्टा, खोडांच्या रांगा, हे सारे जणू आत्ताच कोणी तेथे आणून ठेवले होते. पुष्कळ वेळाने उजव्या बाजूस दोन हिरवट ठिपके चमकले. चिरंजीवांनी वेग कमी केला. एक हरिणी रस्त्यावर आली, तिच्यामागे अर्ध्या वाढीचे पाडस आले, आणि दोघे पलीकडच्या झाडीत शिरली. चक्रीनेच त्यांना वाचवले असा दावा आम्ही करणार नाही. त्या मुलुखात हरणे रस्त्यावर येतच असतात, आणि सावध मनुष्य थांबतही असतो. परंतु त्या रात्रीपासून ती चक्री पुन्हा पूर्ण वर गेलेली आम्ही पाहिली नाही. मित्रमंडळी मोटार पाहावयास आली म्हणजे तेवढी ती फिरे, आणि मंडळी गेली की परत खाली येई.

स्वीडनच्या साब कंपनीने १९९० नंतरच्या दशकात आपल्या मोटारींत एक बटण दिले होते. रात्री ते दाबले की वेगमापकाखेरीज सर्व मीटरांचे दिवे मालवत. इंधन संपत आले किंवा इंजिन तापले तरच त्या त्या मीटराचा दिवा आपण होऊन लागे. ही कंपनी मूळची विमाने बांधणाऱ्यांची. विमानाच्या खोलीत अंधाराची किंमत काय असते हे त्यांना ठाऊक होते, आणि ती त्यांनी जमिनीवरच्या माणसाला एका बटणात देऊ केली. साब मोटारी आता निघत नाहीत. आज मोटारीच्या पुढच्या फळीवर हातभर रुंदीचा पडदा असतो. त्यावर नकाशे असतात, गाणी असतात, कोणाचा फोन आला त्याचे नाव असते. ज्या इंग्रजी शब्दाने आपण त्या फळीला ओळखतो, तो डॅशबोर्ड मुळात घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल गाडीत येऊ नये म्हणून लावलेली फळी होती. बाहेरचे आत येऊ नये हे तिचे काम होते. आतल्या उजेडाने बाहेरचे दिसेनासे व्हावे, हे नव्हे.

नटवण्याच्या हौशीला आमचा विरोध नाही. ज्या मुलाने स्वतःच्या हाताने मीटर उघडला, काटा खिळीवर कसा टेकलेला असतो हे पाहिले आणि तबकडी बदलूनही काट्याला धक्का लागू दिला नाही, त्याला आपल्या यंत्राची जी ओळख झाली ती विकत घेतलेल्या नव्या मोटारीने झाली नसती. त्या खोक्यातील वस्तूंत सर्वांत मोलाची कोणती असे आम्हांस कोणी विचारले, तर आम्ही त्या पांढऱ्या तबकड्यांचे नाव घेणार नाही. बोटाच्या पेराएवढ्या त्या चक्रीचे घेऊ. उजेड पाडण्याच्या युक्त्या माणसाने पुष्कळ काढल्या आहेत, आणि एरंडेलापासून रेडियमपर्यंत त्यासाठी काय काय वापरले हे आपण पाहिलेच. तो उजेड आकडा वाचण्यापुरता ठेवून बाकीचा रस्त्यासाठी सोडणे, हे काम मात्र अजूनही ज्याच्या त्याच्या बोटालाच करावे लागते.